वेग किती ठेवावा: 'फुल थ्रस्ट'च्या ताफ्यासाठी मार्गदर्शन

टेबलावर मिनिएचर मांडून खेळल्या जाणाऱ्या अवकाशयुद्धाच्या खेळांत नवे खेळाडू आपल्या जहाजाची शस्त्रे आणि चिलखत बारकाईने वाचतात, पण सुरुवातीच्या वेगाचा आकडा घाईने लिहून मोकळे होतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. शस्त्र कितीही मोठे असले तरी ते कोणत्या अंतरावरून चालणार, किती वेळा चालणार आणि शत्रू त्याच्या टप्प्यात येणार की नाही, हे फेरी सुरू होताना लिहिलेल्या त्या एका आकड्यावर अवलंबून असते. फेरीच्या शेवटी आपण कुठे असू याचा नेमका अंदाज शत्रूला बांधता येऊ नये आणि लढाई आपल्याला सोयीच्या अंतरावर व्हावी, या दोन गोष्टी वेगाच्या योग्य निवडीने साधतात. त्यासाठी वेग दर वेळी वाढवावाच लागतो असे नाही. कित्येकदा तो उतरवावा लागतो.

हे मार्गदर्शन मुख्यतः 'फुल थ्रस्ट' या खेळाला धरून लिहिले आहे. ब्रिटनमधील ग्राउंड झिरो गेम्स या छोट्या संस्थेच्या जॉन टफली यांनी तो रचला. त्याची दुसरी आवृत्ती 1992 मध्ये आणि जहाजबांधणीचे सुधारित नियम देणारे पहिले 'फ्लीट बुक' 1998 मध्ये आले. प्रकाशकाने हे नियम पुढे मोफत उपलब्ध करून दिले असल्यामुळे, आणि कोणत्याही कंपनीची मिनिएचर किंवा पुठ्ठ्याच्या सोंगट्याही चालत असल्यामुळे, वेगाचा अभ्यास सुरू करायला इतका सोयीचा दुसरा खेळ मला माहीत नाही. पुढची सगळी अंतरे मी इंचांत देत आहे. घरातल्या जेवणाच्या टेबलावर खेळायचे असेल, तर तेच आकडे सेंटिमीटर समजून खेळावे.

या खेळात जहाजाचा वेग एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तसाच पुढे चालू राहतो आणि त्याला कमाल मर्यादा नाही. मर्यादा असते ती वेग बदलण्याच्या क्षमतेला, म्हणजे थ्रस्टला. थ्रस्टचा प्रत्येक अंक खर्चून वेग एका इंचाने वाढवता किंवा कमी करता येतो, अथवा दिशा घड्याळाच्या एका तासाइतकी, म्हणजे 30 अंशांनी, वळवता येते. मात्र वळण्यासाठी एकूण थ्रस्टपैकी निम्माच वापरता येतो. वळण दोन भागांत घेतले जाते: अर्धे चालीच्या आरंभी आणि उरलेले अर्धे चालीच्या मध्यावर. सर्व खेळाडू आपले आदेश एकमेकांपासून लपवून कागदावर लिहितात आणि मगच जहाजे हलतात. म्हणून आदेश लिहिणे हीच या खेळातली खरी लढाई आहे, आणि फासे हा तिचा निकाल जाहीर होण्याचा भाग आहे.

येथे वेग आणि थ्रस्ट यांतला फरक पक्का करून घ्यावा, कारण बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्याने होतात. वेग फुकट मिळतो. चार-सहा फेऱ्या इंजिन चालू ठेवले की मंद जहाजही भन्नाट वेग गाठते. थ्रस्ट मात्र जहाज बांधतानाच विकत घ्यावा लागतो. 'फ्लीट बुक'च्या नियमांनुसार थ्रस्टच्या प्रत्येक अंकामागे जहाजाच्या एकूण वस्तुमानाचे 5 टक्के इंजिनाला द्यावे लागतात. 60 वस्तुमानाच्या क्रूझरला थ्रस्ट 4 हवा असेल तर इंजिन 12 वस्तुमान खाते आणि थ्रस्ट 6 हवा असेल तर 18. हा सहाचा फरक म्हणजे प्रत्येकी दोन वस्तुमानाचे, श्रेणी 2चे तीन बीम (किरणांचा मारा करणारी शस्त्रे). तीन बीम सोडून दिल्यावर आपल्याला काय मिळते, याचे उत्तर ज्याला देता येते त्यानेच जास्त थ्रस्टचे जहाज घ्यावे.

ते उत्तर क्षेपणास्त्रांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. साल्व्हो, म्हणजे एकाच वेळी झुंडीने सोडलेल्या, क्षेपणास्त्रांची सोंगटी आदेश लिहून झाल्यावर, पण जहाजे हलण्यापूर्वी, 24 इंचांच्या टप्प्यात ठेवली जाते. जहाजे हलल्यानंतर त्या सोंगटीपासून 6 इंचांच्या आत जे जहाज असेल त्याच्यावर ती तुटून पडते. याचा अर्थ क्षेपणास्त्र सोडणारा खेळाडू तुमच्या आत्ताच्या जागेवर नेम धरत नाही, तो तुमच्या पुढच्या जागेचा अंदाज बांधतो. आता थ्रस्ट 4 असलेले एक जहाज 6च्या वेगाने चालले आहे असे समजा. ते सरळ गेले तर किमान 2 आणि कमाल 10 इंच पुढे जाईल. पूर्ण वळले, म्हणजे दोन तास वळले, तर साधारण 4 इंच पुढे आणि 4 इंच बाजूला जाईल, आणि उरलेला थ्रस्ट वेगासाठी वापरला तर साडेपाच इंच पुढे आणि तितकेच बाजूला. त्याच्या नाकासमोर 5 इंचांवर सोंगटी ठेवली की या सर्व जागा 6 इंचांच्या वर्तुळात येतात. खेळाडूने काहीही आदेश लिहिला असला तरी तो सापडलाच.

हेच जहाज 18च्या वेगाने चालले असेल तर चित्र पालटते. सरळ चालीत ते 14 ते 22 इंचांदरम्यान कुठेही थांबू शकते. दोन तासांचे वळण घेतले तर सुमारे 12 इंच पुढे आणि 12 इंच डावीकडे किंवा उजवीकडे जाऊन पोहोचते. एक सोंगटी सरळ चाल आणि एका तासाचे हलके वळण एवढेच झाकते. दोन्ही बाजूंची पूर्ण वळणे झाकायला आणखी दोन सोंगट्या लागतात. म्हणजे शत्रूला निशाणा निश्चित करण्यासाठी तिप्पट क्षेपणास्त्रे खर्चावी लागतात, किंवा तीनातला एक पर्याय निवडून नशिबावर हवाला ठेवावा लागतो. जहाजाच्या चिलखतात एका अंकाचीही भर न घालता त्याचे संरक्षण इतके वाढले.

आता तोच 18चा वेग, पण थ्रस्ट 2 असलेले जड जहाज घ्या. ते जास्तीत जास्त एक तास वळू शकते आणि त्याने बाजूला सरकणे जेमतेम पावणेपाच इंच होते; सरळ गेले तर 16 ते 20 इंच. नाकासमोर 17 इंचांवर ठेवलेली एकच सोंगटी त्याच्या सर्व शक्यता गिळते. घाट उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकसारखी त्याची स्थिती असते: वेग आहे, पण तो पुढे कुठे असणार हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून थ्रस्ट 2च्या जहाजाने क्षेपणास्त्रांपासून बचावासाठी वेग वाढवणे निरर्थक आहे. त्याने पॉइंट डिफेन्सवर (जवळ आलेली क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या शस्त्रांवर) आणि जवळ ठेवलेल्या एस्कॉर्ट, म्हणजे संरक्षक, जहाजांवर भिस्त ठेवावी आणि वेग केवळ अंतर राखण्यासाठी वापरावा. लढाऊ विमानांचे गटही आदेश लिहून झाल्यावर आणि जहाजांच्या आधी हलतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीतही बऱ्याच अंशी हाच हिशेब लागू पडतो.

बीमच्या माऱ्याला मात्र हा नियम लावू नये. वेगवान जहाजावर बीमचा नेम धरणे या खेळात अवघड होत नाही; वेगासाठी फाशांत कोणतीही वजावट नाही. बीमच्या बाबतीत वेगाचे काम वेगळे आहे, आणि ते म्हणजे फेरी कोणत्या अंतरावर संपावी हे ठरवणे. गोळीबार सर्व जहाजे हलून झाल्यावर होतो, म्हणून मधल्या वाटेत किती जवळून गेलो याला महत्त्व नसते. चाल संपल्यावर उरलेले अंतर तेवढे मोजले जाते. श्रेणी 3चा बीम 12 इंचांपर्यंत तीन फासे, 24 इंचांपर्यंत दोन आणि 36 इंचांपर्यंत एक फासा देतो. श्रेणी 2चा बीम 12पर्यंत दोन आणि 24पर्यंत एक. श्रेणी 1चा बीम 12पर्यंत एक फासा देऊन थांबतो. दोन ताफे 60 इंचांवरून समोरासमोर येत असतील आणि दोघांचा वेग 6 असेल, तर अंतर दर फेरीला 12 इंचांनी घटते: 48, 36, 24, 12. या वाटेत श्रेणी 3चा प्रत्येक बीम एक, दोन आणि तीन असे एकूण सहा फासे टाकतो. दोघांचा वेग 18 असेल तर पहिल्या फेरीअखेर अंतर 24 होते आणि दुसऱ्या फेरीत जहाजे एकमेकांना ओलांडून जातात. समोरून येताना त्याच बीमला फक्त दोन फासे मिळतात. ज्याच्याकडे लांब पल्ल्याची शस्त्रे आहेत त्याने अंतर हळूहळू घटवावे आणि ज्याच्याकडे आखूड पल्ल्याची आहेत त्याने ते झपाट्याने कापावे, हा ढोबळ नियम यातून निघतो.

परंतु ढोबळ नियमावर थांबणे पुरेसे नाही, कारण नेमका आकडा काढणे अवघड नसते. समजा, शत्रू 54 इंचांवर आहे, त्याच्याकडे श्रेणी 3चे बीम आहेत, त्याचा वेग 10 आणि थ्रस्ट 2 आहे. तुमच्याकडे श्रेणी 2चे बीम आणि थ्रस्ट 4 आहे. 36 ते 24 इंचांचा पट्टा तुमच्यासाठी धोक्याचा आहे, कारण तेथे तो तुमच्यावर मारा करू शकतो आणि तुम्ही त्याच्यावर करू शकत नाही. तेव्हा एकही फेरी त्या पट्ट्यात संपू नये, हे उद्दिष्ट. पहिल्या ओघात वेग 11 ठेवावासा वाटेल. पण 11 आणि 10 मिळून अंतर 33वर येते आणि शत्रूला फुकटचा मारा मिळतो. तुम्ही 7 ठेवलात तर अंतर 37 होते आणि तुम्ही पट्ट्याच्या बाहेर राहता. तो वेग 12पर्यंत वाढवू शकतो हे लक्षात घेतले तर तुमचा खरोखर सुरक्षित आकडा 5 आहे, कारण मग सर्वांत वाईट परिस्थितीतही अंतर 37च्या खाली जात नाही. पुढच्या फेरीत थ्रस्ट 4 पूर्ण लावून वेग 9 करा. तो 12ने येतच राहिला तर अंतर 16 होते, म्हणजे धोक्याचा पूर्ण पट्टा तुम्ही एका ढांगेत ओलांडला. अशा ठिकाणी कमी वेग हाच बलवान वेग ठरतो, आणि तो वेळेवर वाढवण्यासाठी थ्रस्ट हाताशी असावा लागतो.

आदेश लिहिण्यापूर्वी शत्रूच्या वेगात त्याचा थ्रस्ट मिळवून आणि वजा करून त्याच्या दोन टोकाच्या जागा काढाव्या, आणि मग आपल्या वेगाचा असा आकडा शोधावा की दोन्ही टोकांना फेरीअखेरचे अंतर आपल्याला मान्य असेल. असा आकडा सापडत नसेल तर कोणते टोक अधिक महाग पडते ते पाहून निवड करावी. सुरुवातीला याला वेळ लागतो, पण दोन-तीन खेळांनंतर ही बेरीज-वजाबाकी मनातल्या मनात होऊ लागते.

जास्त वेगाची किंमत लढाईच्या दुसऱ्या अंकात चुकवावी लागते. 18च्या वेगाने धावणारे थ्रस्ट 6चे जहाज थांबवायला तीन फेऱ्या आणि 18 इंच लागतात; थ्रस्ट 4 असेल तर पाच फेऱ्या आणि 32 इंच; थ्रस्ट 2 असेल तर नऊ फेऱ्या आणि 72 इंच, म्हणजे सहा फुटी टेबलाची संपूर्ण लांबी. वळण्याचे गणित याहून कठोर आहे. थ्रस्ट 4चे जहाज तीन फेऱ्यांत पूर्ण उलटे फिरते, पण 18च्या वेगात त्या वळणाचा व्यास सुमारे 35 इंच होतो, आणि चार फुटी रुंदीच्या टेबलावर 48 इंचच असतात. 12च्या वेगात तोच व्यास 23 इंचांवर आणि 8च्या वेगात साधारण साडेपंधरा इंचांवर येतो. समोरासमोरच्या वेगवान धडकेनंतर दोन्ही ताफे एकमेकांच्या पाठीमागे जातात आणि वळायला लागेपर्यंत इतके दूर गेलेले असतात की पुढच्या एक-दोन फेऱ्या कोणाचाच बीम पोहोचत नाही. त्यातच 'फ्लीट बुक'च्या नियमांनुसार ज्या फेरीत मुख्य इंजिन वापरले त्या फेरीत मागच्या 60 अंशांतून मारा करता येत नाही. मालवाहू जहाजांच्या काफिल्यावर झडप घालून निघून जायचे असेल तर हे सारे चालते, किंबहुना तेच हवे असते. निर्णायक लढाई लढायची असेल तर ते आपल्याला परवडत नाही.

टेबलाची कड हाही विचारात घेण्याचा विषय आहे. जहाजे कडेला पोहोचली की सर्व मिनिएचर सारख्याच अंतराने एका दिशेला सरकवून खेळ चालू ठेवण्याची पद्धत चांगली आहे. कड ओलांडणारे जहाज बाद धरायचे असेल तर ते खेळ सुरू होण्यापूर्वीच बोलून ठरवावे, कारण त्यावर सुरुवातीच्या वेगाची निवड बदलते.

मग सुरुवातीचा वेग किती असावा? मी थ्रस्टच्या तिप्पट वेग हा आधारभूत आकडा मानतो. या आकड्याला कोणतेही जहाज तीन फेऱ्यांत थांबते आणि थांबेपर्यंत आपल्या वेगाइतकेच अंतर कापते, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. थ्रस्ट 4च्या क्रूझरसाठी तो 12 येतो. त्या वेगात पूर्ण वळणाने ती बाजूला आठ इंचांहून अधिक सरकते, म्हणजे एका सोंगटीच्या वर्तुळातून निसटू शकते, आणि तिचे वळण टेबलाच्या निम्म्या रुंदीत मावते. शत्रूच्या ताफ्यात क्षेपणास्त्रे जास्त असतील तर यापेक्षा थोडे वर जावे. तो लांब पल्ल्याच्या बीमवर विसंबून असेल तर वर सांगितलेल्या पट्ट्याचा हिशेब करून आकडा ठरवावा. आपणच एखाद्या ग्रहाचे किंवा तळाचे रक्षण करत असू तर खाली यावे, पण थ्रस्ट 4च्या जहाजाने क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात 6 किंवा त्याहून कमी वेगाने कधीही शिरू नये. ताफ्यात थ्रस्ट 6ची डिस्ट्रॉयर आणि थ्रस्ट 2ची युद्धनौका एकत्र असतील, तर सगळ्यांना युद्धनौकेच्या वेगाला बांधून ठेवणे ही डिस्ट्रॉयरांसाठी मोजलेल्या किमतीची उधळपट्टी आहे. त्यांना बाजूने, वेगळ्या वेगाने पाठवावे आणि दोन्ही गट एकाच फेरीत शत्रूच्या 12 इंचांत यावेत अशी उलटी मोजणी करावी. एकेकट्याने पोहोचणारे वेगवान जहाज साऱ्या ताफ्याचा मारा अंगावर घेते.

वर दिलेले सर्व आकडे साध्या चालीच्या नियमांचे आहेत. 'फ्लीट बुक'मधली पर्यायी व्हेक्टर चाल वापरली तर जहाजाचे नाक एका दिशेला आणि गती दुसऱ्या दिशेला असू शकते. ओलांडून गेल्यावर जागच्या जागी फिरून मारा करता येतो आणि वेगवान धडकेचा तोटा बराच कमी होतो.

दुसऱ्या खेळांत वेगाचे मोल कसे बदलते, हे दोन उदाहरणांवरून थोडक्यात पाहू. फँटसी फ्लाइट गेम्सने 2012 मध्ये आणलेल्या 'एक्स-विंग'मध्ये वेग पुढच्या फेरीत चालू राहत नाही. प्रत्येक फेरीला डायलवर (चालींच्या फिरत्या चकतीवर) नवी चाल निवडली जाते. त्यामुळे पहिली गाठ कोणत्या फेरीत आणि किती अंतरावर पडणार, हे तेथे बहुतांशी वेग ठरवतो. लहान बेसचे (तळपट्टीचे) विमान 1च्या सरळ चालीत 80 मिलिमीटर आणि 5च्या चालीत 240 मिलिमीटर पुढे जाते, मारा 300 मिलिमीटरपर्यंत पोहोचतो, आणि जवळच्या पहिल्या पट्ट्यात मुख्य तोफेने हल्ला करणाऱ्याला एक जादा फासा तर लांबच्या तिसऱ्या पट्ट्यात बचाव करणाऱ्याला एक जादा फासा मिळतो. तीन फुटी चौरस टेबलावर दोन्ही बाजू आपापल्या कडेपासून 100 मिलिमीटरवर समोरासमोर उभ्या असतील, तर मधले अंतर साधारण 714 मिलिमीटर असते. शत्रूने 5ची चाल घेतली आणि तुम्ही 2ची, तर अंतर 354 उरते आणि कोणीच मारा करू शकत नाही; पण आता पुढच्या फेरीत 1 पासून 5 पर्यंतची कोणती चाल घेऊन कोणत्या पट्ट्यात भेटायचे, हा प्रश्न त्याच्याइतकाच तुमच्याही हातात आला आहे, आणि तुमची फळी अजून एकसंध आहे. येथे घाईने पुढे जाणाऱ्यापेक्षा सावकाश येणाऱ्याला निवडीची अधिक मुभा मिळते.

'आर्माडा' या 2015 च्या खेळात मोठी जहाजे 0 ते 4 वेगाने चालतात, वेग फेरीमागून फेरी तसाच राहतो आणि तो बदलण्यासाठी नेव्हिगेट आदेश लागतो. व्हिक्टरी श्रेणीच्या जड जहाजाची कमाल 2 आहे आणि त्याचे आदेश तीनच्या चळतीत लावावे लागतात, म्हणजे या फेरीत ठेवलेला आदेश दोन फेऱ्यांनंतर उघडतो. सहा फेऱ्यांच्या खेळात हा फार मोठा कालावधी आहे, म्हणून नेव्हिगेटचे टोकन आधीच गाठीला बांधून ठेवावे. वेग 0 करण्याचा मोह टाळावा. थांबलेल्या जहाजाला आपली बचावाची टोकने खर्च करता येत नाहीत, आणि त्यांच्याविना मोठे जहाजही लवकर संपते.

'फुल थ्रस्ट'कडे परत येऊन सरावाची एक पद्धत सुचवतो. शत्रूविना, थ्रस्ट 4चे एकच जहाज टेबलाच्या कडेला ठेवा आणि 8, 12 आणि 18 अशा तीन वेगांनी त्याला पूर्ण उलटे वळवून पाहा. प्रत्येक फेरीअखेरच्या जागेवर एक नाणे ठेवत जा. त्यानंतर दुसऱ्या खेळाडूला फक्त क्षेपणास्त्रांच्या सोंगट्या द्या, दर फेरीला एक, आणि त्याने तुमचा आदेश न पाहता ती ठेवावी. तिन्ही वेगांना सहा-सहा फेऱ्या खेळून जहाज कितींदा सोंगटीच्या 6 इंचांत येते याची नोंद करा, आणि मग जहाजाचा थ्रस्ट 2 धरून तेच पुन्हा करा.